पावती १०४५ कुठे गेली? यूआरएल रूटिंगच्या डॉक्सची एक दुरुस्ती

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. द्राक्षाचा हंगाम सरला की शेडवरचा बेदाणा तिथे येतो, वजन होतं, पावती फाडली जाते आणि भाव येईपर्यंत माल थंडीत पडून राहतो. त्या पावतीवर अडत्याकडून उचल मिळते, बँक माल तारण धरते. म्हणून पावती हरवली म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

अशा काही स्टोरेजसाठी विश्रामबागेतल्या एका छोट्या फर्मनं वेब ॲप केलेलं आहे. फर्मचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. ॲप जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब ॲप बनवायच्या तयार सांगाड्यावर, चालतं. शेतकरी मोबाइलवर पावतीचा क्रमांक टाकतो आणि त्याचा माल, वजन, भाडं बघतो. गावाचं नाव टाकलं तर त्या गावाच्या सगळ्या पावत्यांची यादी दिसते. मला बोलावलं ते ॲपच्या दुरुस्तीसाठी नव्हे. "रूटिंगचं पान जुनं झालंय, नवीन पोरं गोंधळतात, तेवढं नीट लिहून द्या," इतकंच काम होतं. रूटिंग म्हणजे कोणता पत्ता (यूआरएल) ॲपमध्ये कुठे जाणार ते ठरवणं. त्यातला एकेक नियम म्हणजे रूट, आणि हे नियम समजावून सांगणारं पान म्हणजे इथले डॉक्स.

पान आणि कोड समोरासमोर ठेवले तेव्हा चार ठिकाणी ते जुळेनात. अशा वेळी सरधोपट सल्ला ठरलेला असतो: कोड म्हणजे सत्य, डॉक्स त्याप्रमाणे बदला. इथे तो सल्ला मानला असता तर चारपैकी एकच ओळ खरोखर सुधारली असती आणि बाकीच्या तीन ठिकाणी नुकसान तसंच राहिलं असतं, फक्त व्यवस्थित लिहून ठेवलेलं.

पुढे वाचण्याआधी एक खुलासा. पत्त्यांमधले 'पावती', 'नवी', 'थकीत' हे शब्द प्रत्यक्ष ॲपमध्ये रोमन लिपीत आहेत. इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. गावांची नावं मात्र पत्त्यातही खरोखरच देवनागरीत असतात, आणि अर्धं प्रकरण त्यामुळेच घडलं.

पान आलं कुठून

हे पान जँगो २.२ च्या काळातलं. तेव्हा या ॲपमधले सगळे रूट जुन्या 'यूआरएल' फंक्शननं लिहिलेले होते, म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारं सूत्र). खरं तर 'पाथ' आणि 'री-पाथ' ही नवी जोडी डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० बरोबरच आली होती. पण चालू गाडीला कोण हात लावतो! जुनं फंक्शन ३.१ मध्ये कालबाह्य ठरलं आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये काढूनच टाकलं. फर्मनं मधल्या आवृत्त्या सोडल्या आणि २०२३ मध्ये आलेल्या ४.२ वर थेट उडी मारली. तेव्हा सगळे रूट बदलणं भागच होतं.

बदलायचे दोन मार्ग होते. जुनं 'यूआरएल' फंक्शन २.० पासून आतून 'री-पाथ'च होतं, त्यामुळे नाव बदलून 'री-पाथ' लिहिलं असतं तर वागणुकीत काडीचाही फरक पडला नसता. पण 'पाथ'ची लिखावट वाचायला सुटसुटीत असते, म्हणून सगळीकडे 'पाथ' आणि त्याचे कन्व्हर्टर (पत्त्याच्या एखाद्या भागात काय चालेल ते ठरवणारे तुकडे) घातले गेले. कोड बदलला, टेस्ट पास झाल्या, पान तसंच राहिलं.

पानावर एक तक्ता होता आणि तक्त्याखाली प्रत्येक रूटबद्दल एकेक ओळ. त्याच ओळी त्या त्या व्ह्यूच्या (पत्ता जुळल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) डॉकस्ट्रिंगमध्येही, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतही, चिकटवलेल्या होत्या. म्हणजे चूक दोन ठिकाणी राहत होती, आणि एडिटरमध्ये फंक्शनवर माउस नेला की तीच चूक अधिकृत असल्यासारखी समोर येत होती.

आकड्यांची गोष्ट

पहिली ओळ अशी: "क्रमांक: कोणताही आकडा चालतो."

हंगामानंतर स्टोरेजच्या दिवाणजींना फोन यायला लागले. "दिवाणजी, तुमच्यात माझा मालच न्हाई म्हणतंय की ओ!" दिवाणजी आपल्या संगणकावर तोच क्रमांक टाकून बघत आणि पावती व्यवस्थित दिसे. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मात्र "या गावाची एकही पावती नाही" असं पान उघडे. नेटवर्कचा घोळ असेल म्हणून कित्येक फोन तिथेच मिटले. फर्मपर्यंत तक्रार पोचली तीही 'ॲप कधीकधी चालत नाही' या स्वरूपात.

कधीकधी म्हणजे कधी, ते शोधायला वेळ लागला, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच लाल नव्हतं. प्रत्येक विनंतीला २०० हे यशाचं उत्तर गेलेलं. काही पत्ते तेवढे टक्क्याच्या चिन्हांनी भरलेले, लांबलचक. देवनागरीतलं एक अक्षर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका देवनागरी आकड्याची ९ अक्षरं, चार आकडी क्रमांकाची ३६. अशी रांग बघून 'हा पावतीचा क्रमांक आहे' असं कुणाच्या डोक्यात येणार?

शेतकरी क्रमांक देवनागरी आकड्यांत टाकत होते. शोधायच्या चौकटीवरची सूचना मराठीत, मोबाइलचा कीबोर्ड मराठी, त्यावर आकडेही देवनागरी. दिवाणजींच्या संगणकाचा कीबोर्ड मात्र इंग्रजी.

आता जुन्या कोडमध्ये हे का चालत होतं ते बघा. जुना रूट रेग्युलर एक्स्प्रेशनचा होता आणि त्यात आकड्यासाठी उलटी रेघ आणि 'डी' अक्षराची खूण होती. पायथन ३ मध्ये साध्या मजकुरावर ही खूण युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखते. देवनागरी त्यात आलेच, गुजराती, कन्नड, अरबीही आले. पुढे तो मजकूर पूर्णांकात बदलताना पायथनचं 'इंट' फंक्शनही देवनागरी १०४५ बिनतक्रार स्वीकारतं आणि इंग्रजी आकड्यांतल्या १०४५ इतकीच किंमत देतं. म्हणजे कुणी ठरवून काही केलेलं नसताना मराठी आकडे वर्षानुवर्षं चालत होते.

नव्या रूटमध्ये 'इंट' कन्व्हर्टर आला. नाव तेच, पण हा पायथनच्या 'इंट' फंक्शनपेक्षा बराच कडक आहे. जँगोच्या अधिकृत डॉक्समध्ये त्याचं वर्णन 'शून्य किंवा कोणताही धन पूर्णांक' असं आहे. ते खरंच आहे, पण पूर्णांक कोणत्या लिपीतला ते त्यावरून कळत नाही. कन्व्हर्टरचा कोड उघडला की दिसतं: इंग्रजी शून्य ते नऊ, बास. देवनागरी १०४५ त्याच्या लेखी आकडाच नाही.

बरं, नाकारला तर नाकारला, ४०४ ('पान सापडलं नाही') मिळायला हवा होता. तो का मिळाला नाही? कारण जँगो रूट वरून खाली क्रमानं तपासतो, एकानं नाकारलं की पुढच्याकडे जातो आणि जो पहिला जुळेल तो घेतो. क्रमांकाच्या रूटखाली गावाचा रूट होता, 'स्ट्र' कन्व्हर्टरचा. 'स्ट्र' म्हणजे स्लॅश सोडून काहीही, फक्त रिकामं नको. त्यानं '१०४५' नावाचं गाव आहे असं धरलं, डेटाबेसमध्ये त्या गावाच्या पावत्या शोधल्या, मिळाली शून्य, आणि अदबीनं रिकामी यादी दाखवली. जँगोच्या दृष्टीनं सगळं सुरळीत. तारण ठेवलेल्या मालाच्या मालकाला मात्र आपला माल गायब.

डॉक्समधली ओळ आणि कोड जुळत नव्हते हे उघड आहे. चूक कुणाची? फर्मच्या लीड मॅडमचं म्हणणं तर्काला धरून होतं: "देवनागरी आकडे आपण मुद्दाम कधी दिलेच नव्हते. योगायोगानं चालत होते. मग पानावर 'फक्त इंग्रजी आकडे' असं लिहून टाकू." ते एका वाक्याचं काम होतं. पण 'कोणताही आकडा चालतो' हे पानावर लिहिलेलं होतं आणि माणसं त्याप्रमाणे वापरत होती. पान न वाचताच, पण वापरत होती. सांगलीच्या शेतकऱ्यानं मराठी ॲपमध्ये मराठी आकडा टाकणं ही चूक ठरवायची तर चौकटीवरची सूचना तरी इंग्रजीत करा, असं मी म्हटलं. इथे पान बरोबर होतं, कोड चुकला होता.

फ्रंट-एंड बघणाऱ्या मुलानं सुचवलं की ब्राउझरमध्येच आकडे बदलून मग पत्ता तयार करू. सूचना वाईट नव्हती. पण पावतीचे पत्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, कुणी हातानं टाकतो, कुणी जुना मेसेज उघडतो. दार सर्व्हरवरच हवं.

म्हणून 'अंक' नावाचा स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला. जँगोत हे सोपं आहे: एक क्लास, त्यात कोणती अक्षरं जुळवायची त्याचा नमुना, पत्त्यातल्या मजकुराचं पायथनमध्ये काय करायचं त्याचं एक फंक्शन, उलट दिशेचं दुसरं फंक्शन, आणि मग नोंदणी. नमुन्यात इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही आकडे घेतले, पत्ता तयार करताना मात्र नेहमी इंग्रजी आकडेच बाहेर पडतील असं ठेवलं. म्हणजे आत यायला दोन वाटा, बाहेर जायला एक.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सापडली जी पानावर कधीच नव्हती. छापील पावतीवर क्रमांक पुढे शून्यं लावून येतो, ००१०४५ असा. पूर्णांकात बदलताना ती शून्यं गळतात, म्हणून दोन्ही पत्ते एकाच पावतीवर जातात. वागणूक योग्यच आहे, पण लिहून ठेवली नाही तर उद्या कुणीतरी क्रमांक मजकूर म्हणून ठेवायला जाईल आणि छापील पावतीवरचा क्रमांक चालेनासा होईल.

'जत'नं केलेली फसवणूक

दुसरी ओळ: "गाव: स्लग."

स्लग म्हणजे पत्त्यात घालायला सोपं केलेलं नाव. कोडमध्ये मात्र 'स्ट्र' होता. एक नवा मुलगा, सांगलीतच शिकून नुकताच रुजू झालेला, हे पान वाचून कामाला लागला. त्याला फरक दिसला आणि त्यानं कोड पानाप्रमाणे बदलला: 'स्ट्र' काढून 'स्लग'. रिव्ह्यूमध्ये कुणी अडवलं नाही, कारण पानावर तसंच लिहिलेलं होतं आणि 'स्लग' जास्त शिस्तीचं दिसतं. बदल चढवला आणि सगळ्या गावांची पानं ४०४ झाली. त्यातल्या त्यात बरं हे की हे लगेच कळलं आणि बदल मागे घेतला. रिकामी यादी दाखवणाऱ्या चुकीपेक्षा दणकन पडणारी चूक कधीही परवडते.

कारण साधं आहे. 'स्लग' कन्व्हर्टर आस्की (साधी रोमन) अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढंच घेतो. जँगोच्या डॉक्समध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. 'तासगाव' देवनागरीत लिहिलं की त्याच्या दृष्टीनं संपलं.

मुलगा चिकाटीचा होता. त्यानं पुढचा उपाय शोधला: जँगोच्या 'स्लगिफाय' फंक्शनला युनिकोड चालू करायचा पर्याय आहे, तो लावून गावांच्या नावांचे स्लग करायचे आणि डेटाबेसमध्ये ठेवायचे. त्यानं 'जत' टाकून बघितलं. बाहेर 'जत'च आलं. टेस्ट लिहिली, पास झाली.

जत हा आपल्या जिल्ह्यातला तालुका, आणि या कामासाठी सगळ्यात फसवी चाचणी. त्या नावात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' ओळखणारी जी खूण 'स्लगिफाय' वापरतं तिच्यात युनिकोडमधली स्वतंत्र अक्षरं येतात, पण त्यांना चिकटणारी स्वरचिन्हं येत नाहीत. देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलंत सगळे या दुसऱ्या गटातले. 'स्लगिफाय' ते कचरा समजून झाडून टाकतं. 'सांगली'चं 'सगल' होतं, 'मिरज'चं 'मरज', 'पलूस'चं 'पलस', आणि 'विटा'चं नुसतं 'वट'. वाईट दिसतं हा भाग निराळा. खरा धोका असा की 'माळवाडी' आणि 'मळेवाडी' या दोन्ही नावांचं 'मळवड' होतं. एका गावाच्या यादीत दुसऱ्या गावाच्या पावत्या.

युनिकोड चालू केलेलं स्लग-फील्डही (डेटाबेसमधला स्लगचा रकाना) मदतीला येत नाही, कारण त्याचा व्हॅलिडेटर तीच खूण वापरतो आणि 'सातारा' हे नावच अवैध ठरवतो. नावात 'युनिकोड' असलं की आपली लिपी त्यात आली असं आपण समजून चालतो. स्वरचिन्हांचा विचार केलेला नाही हे वापरून बघितल्यावरच कळतं.

इथे निर्णय उलटा झाला. कोड बरोबर होता, पान चूक होतं, आणि पान चूक असल्यानं कोड बिघडला होता. मुलाला बोल लावायचं कारण नाही. त्यानं लिहिलेलं वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. पानावर 'स्लग' हा शब्द आला कुठून, याचा माग जुन्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदींत) लागला. ॲपच्या पहिल्या रूपात गावांची नावं रोमन लिपीत होती. नावं मराठीत आली, शब्द मागे राहिला.

फक्त 'स्लग'च्या जागी 'स्ट्र' लिहून काम भागलं असतं का? नाही. 'स्ट्र' काहीही गिळतो हेच पहिल्या घोटाळ्याचं मूळ होतं. म्हणून व्ह्यूमध्ये एक बदल मागून घेतला: गावांच्या यादीत ते नाव नसेल तर ४०४, आणि गाव आहे पण पावती नाही तरच रिकामी यादी. गाव अस्तित्वात आहे का हे कन्व्हर्टरमध्येच तपासावं असाही एक विचार पुढे आला. कन्व्हर्टरनं 'व्हॅल्यू-एरर' दिला तर जँगो तो नकार समजून पुढच्या रूटकडे जातो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. पण पत्ता जुळवताना दर वेळी डेटाबेसला विचारायचं, हे मला पटलं नाही. लीड मॅडमनाही नाही.

तक्त्याचा क्रम

तिसरी चूक एखाद्या ओळीत नव्हती, तक्त्याच्या मांडणीत होती. म्हणून ती कुणाला दिसली नाही.

तक्ता हातानं केलेला नव्हता. 'जँगो-एक्स्टेन्शन्स' या पॅकेजमध्ये 'शो-यूआरएल्स' अशी एक कमांड आहे, तिचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलेलं होतं. कल्पना चांगली, यंत्रानं दिलेला तक्ता खोटं बोलणार नाही. पण ही कमांड वेगळं सांगितलं नाही तर पत्ते अक्षरांच्या क्रमानं लावून देते. कोडमधला क्रम हवा असेल तर 'अनसॉर्टेड' असा वेगळा पर्याय द्यावा लागतो. आस्कीमध्ये टोकदार कंस अक्षरांच्या आधी येतो, त्यामुळे तक्त्यात क्रमांक आणि गाव हे कंसातले रूट वर गेले होते आणि 'पावती/नवी/' खाली. कोडमध्ये नेमकं उलट होतं: 'नवी' वर, गाव सगळ्यात शेवटी.

तक्ता बघून कुणालाही वाटेल की क्रमाला महत्त्व नाही, किंवा नेमके शब्द खाली ठेवायची पद्धत आहे. थकीत भाड्याचं पान नव्यानं आलं तेव्हा त्याचा रूट तक्त्याच्या धर्तीवर शेवटी जोडला गेला, गावाच्या रूटखाली. 'पावती/थकीत/' उघडलं की 'थकीत' नावाच्या गावाची रिकामी यादी. दिवाणजींनी सांगितलं, "सायेब, थकीत कुणाचंच न्हाई दाखवतंय, असं कधी हुईल का?" व्यवहार माहीत असलेल्या माणसाला चूक लगेच दिसते.

इथे पानातली प्रत्येक ओळ सुटी घेतली तर खरी होती आणि पूर्ण पान खोटं होतं. एसटीच्या वेळापत्रकात गाड्या वेळेऐवजी गावांच्या नावांच्या क्रमानं छापाव्यात, तसा प्रकार. तक्ता कोडच्या क्रमानं पुन्हा काढला, त्यावर ठळक लिहिलं की क्रम हाच अर्थ आहे, आणि गावाच्या रूटवर कोडमध्येच एक टिप्पणी ठेवली: याच्या खाली काही जोडू नका.

स्लॅश

"शेवटचा स्लॅश दिला नाही तरी चालतो." चौथी ओळ, आणि अर्धसत्य. जँगोची 'अपेंड-स्लॅश' सेटिंग मुळात चालूच असते. स्लॅशविना पत्ता कुठेच जुळला नाही आणि स्लॅश लावून जुळत असेल तर ती ३०१ चा कायमचा रिडायरेक्ट देते. पान बघायचं असेल तर ठीक. माहिती पाठवायची असेल, म्हणजे पोस्ट, तर ३०१ नंतर ब्राउझर सहसा नव्या पत्त्यावर गेट (नुसती पान बघायची विनंती) पाठवतो आणि सोबतची माहिती तिथेच सांडते. पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीही तेच करते.

वजनकाट्याशेजारच्या संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट होती, ती नवी पावती 'पावती/नवी' या पत्त्यावर स्लॅशविना पाठवत होती. उत्तरात कोऱ्या फॉर्मचं पान आणि २०० यायचं, स्क्रिप्ट खूश. डीबग (चुका सविस्तर दाखवणारी सेटिंग) चालू असता तर जँगोनं इथे 'रनटाइम-एरर' देऊन सरळ कारण सांगितलं असतं, पण स्क्रिप्ट तपासली गेली ती डीबग बंद असलेल्या सर्व्हरवर. नशिबानं काट्यावर कागदी नोंदवही होती, तीतून पावत्या परत भरता आल्या. पान आणि स्क्रिप्ट दोन्ही बदलली. पानावर आता लिहिलं आहे: वाचायला चालतो, पाठवायला नाही.

त्याच ओघात पानावरचं "सुरुवातीला स्लॅश द्या" हेही काढलं. 'पाथ'मध्ये सुरुवातीचा स्लॅश नको असतो. दिला तर जँगोची 'चेक' कमांड डब्ल्यू-००२ या क्रमांकाची सूचना देते. कोडमध्ये कुणी तो दिलेला नव्हता, फक्त पानावर होता.

नवं पान कसं लिहिलं

जुन्या पानावर प्रत्येक रूट काय स्वीकारतो एवढंच लिहिलेलं होतं. आकड्यांचा आणि 'थकीत'चा घोटाळा झाला तो एका रूटनं नाकारलेला किंवा अलीकडेच अडवलेला पत्ता दुसरीकडे गेल्यामुळे. म्हणून नव्या पानावर नाकारलेल्या पत्त्याचं पुढे काय होतं याला जास्त जागा दिली. क्रमांकाच्या रूटची नोंद आता अशी आहे:

"इंग्रजी किंवा देवनागरी आकडे, सरमिसळही चालते. पुढची शून्यं गळतात, ००१०४५ आणि १०४५ एकच पावती. उणे चिन्ह, स्वल्पविराम, मोकळी जागा चालत नाही. असा पत्ता खालच्या गावाच्या रूटकडे जातो आणि त्या नावाचं गाव नसल्यानं ४०४ होतो. त्या क्रमांकाची पावती नसली तरी ४०४. रिकामी यादी इथून कधीच दिसत नाही."

गद्य लांबलं अशी कुरकुर झाली. होऊ दे. शेवटचं वाक्य मी हट्टानं ठेवलं, कारण फोनवर तक्रार ऐकणाऱ्याला तेच सगळ्यात आधी लागतं.

डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरणं घातली ती पायथनच्या 'डॉकटेस्ट'नं चालवता येतील अशी. जँगोच्या 'रिझॉल्व्ह' फंक्शनला पत्ता दिला की तो कोणत्या रूटला जुळतो, कोणत्या व्ह्यूकडे जातो आणि सोबत कोणती मूल्यं जातात हे कळतं. म्हणून प्रत्येक उदाहरण म्हणजे एक पत्ता आणि त्याखाली रूटचं नाव. देवनागरी १०४५, शून्यं लावलेला क्रमांक, 'थकीत', 'नवी', 'तासगाव', आणि 'जत'सुद्धा, पण आता एकटं नाही. उद्या कुणी रूटचा क्रम किंवा कन्व्हर्टर बदलला तर कोडच्या टेस्टबरोबर डॉक्सही अडेल. पानावरची वाक्यं मात्र अशी तपासता येत नाहीत. 'रिझॉल्व्ह' फक्त कुठे जातं ते सांगतो. गाव नसल्यानं व्ह्यू ४०४ देतो की नाही हे त्याला माहीत नसतं, त्यासाठी टेस्ट क्लायंटनं (ब्राउझरसारखी विनंती पाठवून बघणाऱ्या साधनानं) वेगळ्या टेस्ट लिहाव्या लागल्या.

उरलेलं

गाव सापडलं नाही तर ४०४, असं केल्यावर लगेच नवे ४०४ दिसू लागले. त्यातला एक कऱ्हाडचा. तिकडच्या काही शेतकऱ्यांचा माल इथे असतो. 'कऱ्हाड'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, दुसरा साध्या 'र'ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, आतून वेगळे. युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं ते एक होत नाहीत. शिवाय निम्मे लोक सरळ 'कराड' लिहितात. 'कवठेमहांकाळ' तर कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. पूर्वी या सगळ्यांना रिकामी यादी मिळत असणार. तक्रार झाली नव्हती, किंवा झाली ती नेटवर्कच्या नावावर खपली.

अक्षरांचे नियम लिहून हे सोडवायचं नाही असं ठरलं. गावाच्या नोंदीला पर्यायी नावांचा एक तक्ता जोडला, आणि देवनागरी पत्त्यांचे ४०४ आठवड्याला एकदा वाचता येतील अशा अक्षरांत, टक्क्याची चिन्हं उलगडून, दिवाणजींकडे जातात. कोणतं नाव कोणत्या गावाचं हे ते सांगतात आणि तक्त्यात भर पडते. पानावर या तक्त्याचा उल्लेख आहे, नावांची यादी नाही. ती पानावर ठेवली असती तर महिन्याभरात पुन्हा जुनी झाली असती. एकाच नावाची दोन गावं दोन तालुक्यांत असली तर काय, याचं उत्तर अजून कोडमध्ये नाही. पानावर ते तसंच लिहिलेलं आहे: एकाच नावाची दोन गावं आली तर सध्या दोन्हींच्या पावत्या एकत्र दिसतील, तालुका पत्त्यात घ्यायचा की नाही हे ठरलेलं नाही.